शालेय संकेतस्थळांच्या व्यवस्थापनसुलभतेचा इतिहास : काही टिपणे

शाळेचे संकेतस्थळ ही वस्तू आता इतकी परिचयाची झाली आहे की तिला इतिहास असेल, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. शाळेच्या इमारतीचा इतिहास लिहिला जातो, संस्थापकांचा लिहिला जातो, सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापकांची नामावळी छापली जाते. संकेतस्थळ मात्र कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनाने उभे केले, त्यावर लिहिण्याची मुभा कोणाला होती आणि ते केव्हा बंद पडले, ह्याची नोंद शाळेच्या दप्तरात बहुधा आढळत नाही. प्रस्तुत टिपणांत ह्या विषयाचा एकच धागा हाती घेतला आहे. तो धागा असा की, ज्याला संगणकशास्त्राचे शिक्षण नाही अशा शिक्षकाला व लिपिकाला आपल्या शाळेचे संकेतस्थळ स्वतः सांभाळता यावे, ही सोय कशी निर्माण झाली आणि मराठी शाळेपर्यंत ती पोहोचताना मध्ये काय काय आडवे आले.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'संकेतस्थळ' हा शब्द मराठीत आता पक्का रुजला आहे. संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तो ऐकताच किंचित हसू आल्यावाचून राहत नाही. 'संकेत' म्हणजे दोघांनी गुपचूप ठरविलेली खूण किंवा वेळ. आणि संकेतस्थान म्हणजे अभिसारिका जेथे प्रियकराला भेटावयास जाते ते ठिकाण. शासकीय परिपत्रकात 'सर्व मुख्याध्यापकांनी संकेतस्थळास नियमित भेट द्यावी' असे वाक्य वाचताना हा जुना अर्थ आड येऊ नये एवढीच अपेक्षा. शब्दाचा अर्थ पालटणे ही भाषेची नित्याची रीत आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ह्या जुन्या अर्थातली एक छटा आपल्या विषयाला लागू पडते : संकेत ज्यांना ठाऊक असतो त्यांनाच ते स्थळ सापडते. पुढे परवलीच्या शब्दाचा विचार करताना ह्याची आठवण होईल.

१

टिम बर्नर्स-ली ह्यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या योजनेचा प्रस्ताव मांडला, तिच्यातून १९९० च्या अखेरीस पहिले न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, तयार झाले. ह्या पहिल्या साधनाविषयीची एक गोष्ट सहसा विसरली जाते. ते केवळ वाचण्याचे साधन नव्हते. त्यात लिहिताही येत होते. समोरचे पृष्ठ वाचता वाचता त्यात फेरफार करावा, नवा दुवा जोडावा आणि ते साठवावे, अशी त्याची रचना होती. वाचक आणि लेखक ह्यांत भेद करण्याचे कर्त्याच्या मनात नव्हते. परंतु हे साधन नेक्स्ट नावाच्या एका विशिष्ट, महागड्या संगणकावरच चालत असे. इतर संगणकांसाठी जी साधी आवृत्ती झाली ती फक्त वाचण्यापुरती होती. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बिना ह्यांनी तयार केलेल्या मोझेइकने महाजाल घरोघर पोहोचविण्याची वाट मोकळी केली. पण तेही वाचण्याचेच साधन होते. लिहिण्याची सोय ह्या वाटचालीत गळून पडली. व्यवस्थापनसुलभतेचा पुढचा सारा इतिहास हा ह्या गळून पडलेल्या सोयीच्या पुनःप्राप्तीचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

शाळांनी ह्या माध्यमात पाऊल टाकले ते लगेच, १९९४ मध्ये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील कॉटेज ग्रोव्ह येथील हिलसाइड प्राथमिक शाळेचा ह्या संदर्भात मुद्दाम निर्देश करावयास हवा. मिनेसोटा विद्यापीठाच्या सहकार्याने ह्या शाळेने त्या वर्षी आपले संकेतस्थळ सुरू केले; जगातील अगदी पहिल्या शालेय संकेतस्थळांत त्याची गणना होते. ह्याच विद्यापीठातून स्टीफन कॉलिन्स ह्यांनी 'वेब ६६' नावाचा प्रकल्प चालविला. अमेरिकेतील सुप्रसिद्ध 'रूट ६६' ह्या हमरस्त्यावरून त्याला हे नाव दिले होते. प्रकल्पाने दोन कामे केली. जगभरातील शालेय संकेतस्थळांची एक सूची ठेवली, आणि शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मार्गदर्शिकेची मांडणी पाककृतीच्या पुस्तकासारखी होती : साहित्य अमुक, कृती अमुक. शाळेतल्या साध्या मॅकिंटॉश संगणकाचेच सेवा-संगणकात रूपांतर कसे करावे, हे त्यात पायरीपायरीने सांगितले होते. शिक्षकाला तंत्रज्ञ न बनविता त्याच्या हाती तंत्र द्यावे, हा विचार ह्या पाककृतीत प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसतो.

तरीही खुद्द पृष्ठ लिहिणे सोपे नव्हते. प्रत्येक परिच्छेदाला, प्रत्येक ठळक शब्दाला चिन्हांकन भाषेतील खुणा हाताने घालाव्या लागत. झालेले पृष्ठ वेगळ्या साधनाने सेवा-संगणकावर चढवावे लागे. एका सुट्टीची तारीख बदलावयाची तर ही सारी यातायात पुन्हा करावयाची. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. लेखकाने मजकूर लिहावा, जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून तो जुळवावा, आणि एक काना चुकला तर पुन्हा केस उघडावी, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की शाळेत लेखक आणि जुळारी हे दोन्ही एकच होते, आणि त्या बिचाऱ्याला आठवड्याचे तासही घ्यावयाचे असत.

२

जुळाऱ्याचे काम यंत्राकडे सोपविण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. एक दिशा अशी की पृष्ठ शब्दसंस्कारकासारखे दिसावे आणि खुणा यंत्राने आपोआप घालाव्यात. व्हर्मीर नावाच्या कंपनीचे आणि १९९६ पासून मायक्रोसॉफ्टचे 'फ्रंटपेज' हे ह्या दिशेचे ठळक उदाहरण. ते सोपे होते. पण ज्या संगणकावर ते बसविले असेल त्याच्यासमोर बसूनच काम करावे लागे. संगणक कक्षाची किल्ली ज्याच्याकडे, संकेतस्थळही त्याच्याकडेच.

दुसरी दिशा अधिक फलदायी ठरली. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी मार्च १९९५ मध्ये 'विकी' सुरू केले. नाव हवाई बेटांच्या भाषेतील. 'विकी-विकी' म्हणजे चटचट. होनोलुलूच्या विमानतळावरील त्या नावाच्या बसगाडीवरून कनिंगहॅम ह्यांना ते सुचले. न्याहाळकातच पृष्ठ उघडावे, तेथेच ते बदलावे आणि तेथेच साठवावे, ही बर्नर्स-ली ह्यांची मूळ कल्पना येथे वेगळ्या मार्गाने परत आली. १९९९ मध्ये पायरा लॅब्सने 'ब्लॉगर' काढले. २००३ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली. २००१ च्या जानेवारीत बेल्जियममधील ड्रीस ब्यूटार्ट ह्यांनी आपल्या विद्यार्थी-वसतिगृहासाठी केलेली फलकवजा आज्ञावली 'ड्रुपल' ह्या नावाने खुली केली. मे २००३ मध्ये मॅट मुलेनवेग व माइक लिटल ह्यांनी आधीच्या एका आज्ञावलीचा आधार घेऊन 'वर्डप्रेस' प्रसिद्ध केले. २००५ मध्ये 'जूम्ला' आले.

ह्या शेवटच्या नावापाशी भाषाभ्यासकाने क्षणभर थांबावयास हवे. 'जूम्ला' हे नाव स्वाहिली भाषेतील 'जुम्ला', म्हणजे 'सर्व मिळून', ह्या शब्दावरून घेतले आहे. स्वाहिलीने तो अरबीतून उचलला. आणि तोच अरबी शब्द फारसीमार्गे मराठीतही आला आहे : पेशवेकालीन हिशेबांत बेरजेपुढे 'जुमला' लिहिलेला आढळतो तो हाच. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ऑस्ट्रेलिया-युरोपातील कार्यकर्त्यांच्या हाती गेलेला हा शब्द आपल्या दप्तरात तीनशे वर्षे आधीच येऊन बसला होता. एरवी मराठी शिक्षकाला परकी वाटणारी ही नामावळी सगळीच परकी नाही.

ह्या सर्व आज्ञावलींना मराठीत 'आशय व्यवस्थापन प्रणाली' असे लांबलचक नाव मिळाले आहे. त्यांचे मर्म मात्र थोडक्यात सांगता येते. मजकूर एका कोठारात राहतो, मांडणी दुसरीकडे राहते, आणि वाचकाने पृष्ठ मागितले की दोन्ही एकत्र जुळतात. शिक्षकाने फक्त मजकूर लिहावयाचा. मथळा कोठे, चित्र कोठे, हे एकदा ठरवून ठेवलेले असते. ह्यातून आणखी एक सोय निघाली आणि शाळेच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे अधिकारांची उतरंड. वर्डप्रेसच्या २००५ अखेरच्या आवृत्तीपासून वापरकर्त्यांच्या भूमिका नेमून देता येऊ लागल्या : प्रशासक सर्व काही बदलू शकतो, संपादक कोणाचाही मजकूर सुधारू शकतो, लेखक स्वतःचा मजकूर प्रसिद्ध करू शकतो, आणि त्याखालचा सहभागी मजकूर लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही. ही रचना शाळेने शोधून काढलेली नाही. परंतु शाळेला ती अंगरख्यासारखी बसते. लिपिकाने मसुदा करावा, पर्यवेक्षकाने पाहावा, मुख्याध्यापकांनी सही करावी, ही आपल्या शाळांतील पत्रव्यवहाराची जुनी पद्धत हीच आहे. ज्या शाळांनी संकेतस्थळ सुरू करताना ह्या भूमिका आधी ठरविल्या, तेथे काम वाटले गेले. ज्यांनी एकच परवलीचा शब्द सर्वांना सांगितला किंवा एकालाच सांगितला, तेथे पुढे अडचणी उभ्या राहिल्या. 'सोपे' ह्या विशेषणाचा अर्थ केवळ बटणे थोडी असणे असा नाही, हे ह्यावरून कळून यावे.

शिक्षकाच्या हाताला सोसेल असे साधन शिक्षणक्षेत्रातूनही आले. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डूगियामस ह्यांनी घडविलेल्या 'मूडल'ची पहिली आवृत्ती २००२ मध्ये निघाली. डूगियामस ह्यांचे बालपण वाळवंटी प्रदेशात गेले आणि त्यांचे प्राथमिक शिक्षण रेडिओवरील शाळेतून झाले. ज्याने शाळेपासून दूर राहून शाळा अनुभवली त्याने असे साधन निर्माण करावे, हा निव्वळ योगायोग नसावा. तथापि मूडल हे वर्गाचे साधन आहे, शाळेच्या दर्शनी भिंतीचे नव्हे. म्हणून त्याचा येथे अधिक विस्तार करीत नाही.

३

आता मराठीकडे वळू. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमामार्फत सुरू झाले. 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ १९९६ मध्ये निघाले ते परदेशस्थ मराठी माणसांच्या उद्योगातून. मराठी शाळेपुढे मात्र एक अशी अडचण होती की जी मिनेसोटातील शाळेला कधीच जाणवली नसेल. ती लिपीची.

त्या काळी देवनागरी मजकूर संगणकावर दिसे तो ठशांच्या, म्हणजे फाँटच्या, बळावर. आत साठविलेली अक्षरे रोमन लिपीचीच. फक्त 'क'च्या दांड्याला एक रोमन अक्षर, वेलांटीला दुसरे, असा ठसे बनविणाऱ्याने मनाशी बेत केलेला. प्रत्येक ठशाचा बेत निराळा. वाचकाच्या संगणकावर तोच ठसा असेल तर मराठी दिसे, नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग. वृत्तपत्रांची संकेतस्थळे त्यामुळे आधी 'आमचा फाँट उतरवून घ्या' अशी विनंती करीत. शोधयंत्राला तर अशा पृष्ठावर मराठी असल्याचा पत्ताच लागत नसे. विकी आले, ब्लॉगर आले, तरी मराठी शिक्षकाला त्यांचा उपयोग नव्हता. कारण न्याहाळकात मराठी लिहिता येत नव्हते. सोपे साधन हाती असूनही ते वापरता येऊ नये, ही अवस्था निदान सात-आठ वर्षे टिकली.

ह्यावरचा उपाय कागदावर आधीच तयार होता. भारतीय लिपींसाठी इस्की हे प्रमाण १९८८ मध्ये ठरले आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून सुधारून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा अंतर्भाव १९८८ च्या इस्कीच्या धर्तीवर झाला. प्रत्यक्ष उपयोगाला मात्र विंडोज २००० आणि त्यानंतरचे एक्सपी येईपर्यंत थांबावे लागले. एक्सपीमध्येसुद्धा गुंतागुंतीच्या लिपींची सोय मुद्दाम सुरू करावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी जवळ असावी लागे. शाळेच्या संगणकाची मूळ तबकडी कोठे असते, हे ज्याने शाळेत काम केले आहे त्याला सांगणे नको.

युनिकोड आल्यावरही मराठीची स्वतःची दुखणी उरली. ती हिंदीभाषकांना नसल्यामुळे त्यांकडे उशिरा लक्ष गेले. 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते युनिकोडच्या २००८ मधील ५.१ ह्या आवृत्तीत. तोवर 'ऍ' हे हिंदी वळणाचे अक्षर वापरून वेळ भागवावी लागे. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद तर जुनाच, पण 'ऱ्हस्व' हा शब्दच कसा लिहावयाचा हा नवा प्रश्न होता. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' ह्यांत अर्थाचा केवढा भेद आहे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. एकात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परिणामी 'दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक' शोधणाऱ्या पालकाला समोर असलेले वेळापत्रक सापडत नाही, असे घडू शकते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला व देवनागरी लिपी ह्यांचे प्रमाणीकरण करणारा शासन निर्णय काढला. त्याचा उपयोग पाठ्यपुस्तकांना झाला तितका संकेतस्थळांना झालेला दिसत नाही.

टंकनाचा प्रश्नही लहान नव्हता. शाळेतील लिपिक मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसविलेला. शासनाने पुरस्कारिलेला इन्स्क्रिप्ट कळफलक निराळा. आणि तरुण शिक्षकाला रोमन अक्षरांतून उच्चारानुसारी टंकन सोयीचे. एकाच शाळेत तीन पद्धती नांदत. ह्याचा निकाल अखेर संगणकाने नव्हे तर भ्रमणध्वनीने लावला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीसाठी बोलून लिहिण्याची सोय दिली, आणि कळफलकाला कायम घाबरलेले अनेक ज्येष्ठ शिक्षक मजकूर सांगू लागले. लेखनिकाला मजकूर सांगण्याची जुनी चाल अशी परत आली. ह्या मजकुरातील शुद्धलेखनाविषयी माझे मत अनुकूल नाही. पण जो मजकूर एरवी लिहिलाच गेला नसता तो लिहिला गेला, एवढे मान्य करावयास हवे.

४

२०१० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शिक्षकांनी ब्लॉगरवर फार मोठ्या प्रमाणात लेखन केले. शासन निर्णय, प्रपत्रे, प्रश्नपत्रिका, कवितांच्या चाली, सेवापुस्तकातील नोंदींचे नमुने, असे सारे त्यांत आढळे. नाव एखाद्या शिक्षकाचे असले तरी वाचणारा तालुका असे. शिक्षणखात्याची स्वतःची संगणकीय व्यवस्था, विशेषतः २०१५ मधील 'सरल', ही माहिती वर पाठविण्यासाठी होती. खाली, म्हणजे पालकांकडे, माहिती देण्याचे काम ह्या अनौपचारिक लेखनाने केले. मराठी गद्याच्या अभ्यासकाने ह्या लेखनाकडे दुर्लक्ष करू नये, असे माझे मत आहे. परिपत्रकाची भाषा आणि बोलीची लकब ह्यांचे इतके मोकळे मिश्रण अन्यत्र क्वचितच आढळते. एकीकडे 'सहर्ष स्वागत', तर त्याच्याच खाली गावच्या बोलीतला पावसाने गळणाऱ्या वर्गखोलीचा वृत्तान्त.

ह्याच हेतूने मी काही वर्षांपूर्वी अशा लेखनाचे नमुने गोळा करण्यास आरंभ केला. तेव्हा जे आढळले ते विषण्ण करणारे होते. एका खेड्यातील शाळेचे पृष्ठ मला विशेष आवडले होते. त्यावर दर शनिवारी मुलांनी सांगितलेले शब्द आणि त्यांचे अर्थ दिलेले असत. त्यांतले कित्येक शब्द कोशांत नाहीत. एके दिवशी नव्या नोंदी थांबल्या. चौकशी केली तेव्हा कळले की ते पृष्ठ चालविणाऱ्या शिक्षकांची बदली झाली होती. पृष्ठ त्यांच्या खाजगी खात्यावर होते. नव्या शाळेत गेल्यावर त्यांचा भ्रमणध्वनीचा क्रमांक बदलला, खात्याचा परवलीचा शब्द विसरला, आणि पडताळणीचा संदेश जुन्या क्रमांकावर जात राहिला. पृष्ठ दिसत होते, पण त्याला हात लावणे कोणालाच शक्य नव्हते. नव्या मुख्याध्यापकांचे नाव त्यावर चढले नाही. जुना दूरध्वनी क्रमांक खाली उतरला नाही. पुढे ज्या बाहेरच्या जागेत चित्रे ठेवली होती तीही बंद पडली, आणि शब्दांच्या पाट्या हाती धरून उभ्या असलेल्या मुलांच्या जागी रिकामे चौकोन उरले. मी स्वतः त्या शब्दांपैकी चाळीसएक वहीत उतरून घेतले होते. बाकीचे गेले.

ही एका शाळेची कहाणी असली तरी कारण सार्वत्रिक आहे. जियोसिटीज हे फुकट जागा देणारे स्थळ ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले तेव्हा जगभरातील असंख्य पृष्ठे नाहीशी झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या गूगल साइट्सची नवी आवृत्ती २०१६ मध्ये आली, आणि नंतर जुन्या आवृत्तीतील स्थळे ज्यांनी मुदतीत हलविली नाहीत त्यांची अडचण झाली. फुकट घरात राहणाऱ्याने घरमालकाची नोटीस वाचली पाहिजे, आणि नोटीस येते ती बदली होऊन गेलेल्या शिक्षकाच्या खात्यात. महाराष्ट्रात २०१७ च्या शासन निर्णयानंतर जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय पद्धतीने होऊ लागल्या, आणि पुढील वर्षी एकाच वेळी फार मोठ्या संख्येने शिक्षक हलले. त्या सुमारास किती शालेय पृष्ठे मुकी झाली ह्याची मोजदाद कोणी केली असल्यास ती पाहावयास मला आवडेल.

इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर २०१२ पासून शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांना प्रवेशाचे नियम, परीक्षांचे निकाल, अभ्यासक्रम इत्यादी ठराविक माहिती संकेतस्थळावर देणे नियमाने बंधनकारक झाले. त्यामुळे तेथे संकेतस्थळ ही शाळेची मालमत्ता ठरली. ते अद्ययावत ठेवणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम झाले. आपल्याकडे माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर आपणहून माहिती प्रकट करण्याचे बंधन घातले आहे; केंद्रीय मंडळाच्या संलग्न शाळांनाही संकेतस्थळावर ठराविक माहिती जाहीर करावी लागते. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत मात्र ह्या विचाराचा झिरपा पोहोचलेला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा अधिनियम आल्यापासून अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीचा प्रश्नही त्यात मिसळला आहे. स्नेहसंमेलनाची शंभर छायाचित्रे बेधडक चढविण्याचे दिवस सरले, हे शिक्षकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

५

आता एक गोष्ट सांगावयाची राहिली. मुख्याध्यापकाची बदली झाली की पदभार देण्याघेण्याची एक यादी होते. तीत जनरल रजिस्टर असते, रोजकीर्द असते, जडवस्तू संग्रह नोंदवही असते, शेरेबुक असते, तिजोरीची किल्ली असते, शिक्के असतात. तुटकी घंटा आणि दोन पायांचे टेबलसुद्धा असते. दोघांच्या सह्या होतात आणि एक प्रत केंद्रप्रमुखांकडे जाते. वर उल्लेखिलेल्या शाळेची त्या वर्षीची यादी मला पाहावयास मिळाली. तीत सव्वीस बाबी होत्या. संकेतस्थळाचा पत्ता, ते कोणत्या खात्यावर आहे, त्या खात्याला कोणाचा क्रमांक जोडला आहे, हे त्यांत नव्हते. पुढे नव्या मुख्याध्यापिकांनी शाळेच्या नावाने स्वतंत्र खाते काढले, दोन शिक्षक व एक शिक्षिका ह्यांना संपादकाचे अधिकार दिले, आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून तिजोरीत ठेवला. पाकिटाचा उल्लेख यादीत सत्ताविसावी बाब म्हणून केला आहे. शनिवारचे शब्द अद्याप पुन्हा सुरू झालेले नाहीत. पण माझ्या वहीतील चाळीस शब्दांची प्रत मी त्यांच्याकडे पाठविली आहे.